उंबरठ्यावरची बोटं

वैशाख शुद्ध तृतीया, साल १९०१. पहाट अजून फुटायची आहे. तुम्ही खान्देशातल्या नरडाण्यात एका धाब्याच्या घरासमोर उभे आहात. हे घर गावातलं कुठलंही असू शकतं. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही, तुमचा शब्द कुणाच्या कानावर पडत नाही. पाहायचं आणि ऐकायचं, एवढीच मुभा आहे.

गाव नुकतंच मरणाच्या दाढेतून सुटलं आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक विक्रम संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, दावणी रिकाम्या करून गेला. आता गावाच्या कडेने रूळ अंथरले गेले आहेत. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर अशी पूर्वेकडे गेली आहे. त्या रुळांना इथे आग्रा रोड भेटतो. माणसं आता दोन वाटांनी येतील आणि दोन वाटांनी जातील.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात या सणापुढे दिवाळीही मागे सरते. सालदाराचं साल आज संपतं आणि नवं सुरू होतं. चुलीवर पालथं खापर चढलेलं आहे. पोळी पोळपाटावर थोडी लाटून मग दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी केली जाते आणि कोपरापर्यंत पसरली की अलगद त्या खापरावर टाकली जाते. एका कोपऱ्यात मातीची नवी घागर पाण्याने भरून ठेवली आहे. तिच्यावर मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज, आंबा आणि सांजोऱ्या. ही घागर या घरातून गेलेल्यांसाठी.

घरची सून उंबरठ्याशी बसते. ओल्या कुंकवात बोट बुडवून लाकडावर ओढते. एक बोट, एक नाव. बोट ती ओढते, नाव घरधनी घेतो. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी. मग त्याच्या वडिलांचं नाव येतं. भिंतीला टेकून त्याची म्हातारी आई बसली आहे. ते नाव तिने संसारात कधी उच्चारलं नाही, आजही तिचे ओठ हलत नाहीत. नाव कानावर येताच ती पदर सावरते, जणू माणूस दारात आला आहे.

दुपारी खरंच दारात माणूस येतं. घरधन्याचा पाठचा भाऊ मुऱ्हाळी होऊन पांझरेपलीकडच्या गावाला बहिणीला आणायला गेला होता. बैलगाडी थांबते. "उनी का व माय!" म्हणत आई पुढे होते, लेकीच्या पायांवर पाणी घालते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. पोरगी पंधरा-सोळा वर्षांची असेल. सकाळची कुंकवाची बोटं ओलांडून ती आत येते, थेट चुलीपाशी जाते आणि कुणी काही म्हणायच्या आत एक सांजोरी उचलून तोंडात टाकते. संध्याकाळी लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो.

हे नीट पाहून ठेवा. सकाळी या उंबरठ्यावर गेलेल्यांना बोलावलं आणि दुपारी त्याच उंबरठ्यावरून लेक घरात आली. खान्देशाने या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे दिवस केले नाहीत. ज्या हाताने घागर भरायची, त्याच हाताने पुरण वाटायचं. डोळ्यांतलं पाणी पुसायचं आणि पोळी उलटायची. दुःखासाठी काम थांबवता येत नाही, म्हणून दुःखाला कामात जागा करून दिली.

आता रेल्वेत बसा. दहा वर्षं पुढे आणि काही स्थानकं पूर्वेला. अमळनेर, धरणगाव मागे टाकून जळगावला उतरा. १९११ ची आखाजी. जुन्या गावातल्या चौधरीवाड्यात दिवस उगवायच्या आधीच जात्याची घरघर चालू आहे. जात्याशी बसलेली बाई असोद्याची लेक, १८८० च्या नागपंचमीला जन्मलेली, तेराव्या वर्षी लग्न होऊन या वाड्यात आलेली. नवरा नथूजी गेला तेव्हा ती तिशीत होती. मागे तीन लेकरं: ओंकार, सोपान, काशी.

या बहिणाबाई चौधरी. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत. जात्याच्या तोंडात मूठ सोडताना त्या गातात ते त्यांचं स्वतःचं असतं, आपल्या बोलीतलं. शेत, चूल, पाखरं, मन, सासर, माहेर, कपाळ मोकळं झाल्याचं दुःख, सगळं पिठाबरोबर खाली पडतं. तुमचा हात नकळत खिशाकडे जातो. काहीतरी काढावं, हे टिपून घ्यावं. पण ती मुभा तुम्हाला नाही. सोपान चारेक वर्षांचा आहे, त्याला अजून अक्षरओळख नाही. दळण संपतं, गाणं संपतं. पीठ तेवढं डब्यात जातं.

परत नरडाण्याला या. १९१९ ची आखाजी. तेच घर, तोच उंबरठा. पण सुनेचं बोट आज थांबतच नाही. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांच्या वर माणसं नेली. गावागावांत कुंकवाच्या वाट्या आज लवकर सरताहेत. घरधनी नाव घेतो, थांबतो, पुढचं घेतो.

एक नाव मात्र तो घेत नाही. १९०१ ला झोक्यावर गाणारी त्याची धाकटी बहीण त्याच साथीत सासरी वारली. दिल्या घरची लेक. तिची घागर सासरचे भरतील, बोट तिकडच्या उंबरठ्यावर उमटेल. माहेरच्या उंबरठ्यावर तिला जागा नाही, तशी रीत नाही. म्हातारी आई ते ऐकून घेते, वाद घालत नाही. मग उठते, सांजोऱ्यांची टोपली काखेत घेते आणि गल्लीत ज्या ज्या घरी माहेरवाशीण आली आहे त्या त्या दारात जाते. प्रत्येकीच्या हातावर एकेक सांजोरी ठेवते. "खाय व माय," एवढंच म्हणते. घरातल्या कुणीही तोंडात घास घालायच्या आधी तिची टोपली रिकामी झालेली असते.

रीतीने जिथे जागा ठेवली नव्हती तिथे एका आईने एका सांजोरीएवढी जागा केली. तुम्ही हे पाहिलंत. गल्लीत दुसऱ्या कुणाला ते उमगलं का, सांगता येत नाही.

आता आग्रा रोडने दक्षिणेला चला. वाटेत सोनगीर लागेल, तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव, वर किल्ला. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर धुळे. तुमच्यासाठी तुरुंगाचा दरवाजा आपोआप उघडतो. तारीख ८ मे १९३२, वार रविवार. पंचांगात वैशाख शुद्ध तृतीया. बाहेर साऱ्या जिल्ह्यात आज घागरी भरल्या गेल्या आहेत. आत सत्याग्रहींना ना घागर, ना उंबरठा.

पण माणसं जमली आहेत. जमनालाल बजाज आहेत, खान्देशचे कितीतरी कार्यकर्ते आहेत. समोर छत्तिशीतला एक कृश माणूस बसला आहे, विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलताहेत. आजचा बारावा रविवार, बारावा अध्याय, भक्तियोग. बाजूला मान खाली घालून एक जण भराभर लिहून घेतो आहे. तो अमळनेरच्या शाळेतला माजी शिक्षक, पांडुरंग सदाशिव साने.

या दोघांकडे जरा वेळ पाहा. लिहिणाऱ्याची आई यशोदा १९१७ च्या नोव्हेंबरात कोकणात वारली. तो तेव्हा शिक्षणासाठी दूर होता, शेवटच्या क्षणी तिच्यापाशी नव्हता. बोलणाऱ्याची आई रुक्मिणी पुढच्याच वर्षी, १९१८ च्या ऑक्टोबरात, बडोद्यात वारली. तिला संस्कृत येत नव्हतं. गीता मराठीत हवी असं ती म्हणाली तेव्हा मुलाने एक जुना मराठी अनुवाद आणून दिला. तोही तिला जड गेला. मग तूच का लिहीत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. आई गेल्यानंतर बारा वर्षांनी, १९३०-३१ च्या हिवाळ्यात, मुलाने ते काम पुरं केलं आणि पुस्तकाच्या नावातच आईला बसवलं: 'गीताई'.

आज, आखाजीच्या दिवशी, विनोबा भक्तीचे दोन प्रकार समजावताहेत आणि त्यासाठी त्यांना उदाहरण सुचतं ते एका आईचं आणि तिच्या दोन मुलांचं. धाकट्याला आई क्षणभर दिसली नाही तरी चालत नाही. थोरला तिच्यापासून लांब राहू शकतो, तिचं काम करत राहतो. आईला कोणता जास्त प्रिय? पुढे ते लक्ष्मण आणि भरत यांच्याकडे वळतात. एक सतत रामाच्या पायाशी, दुसरा चौदा वर्षं रामावाचून, पण रामाच्या कामात. विनोबा दोघांच्या प्रेमात डावं-उजवं करत नाहीत.

तुम्हाला नरडाण्याचं घर आठवतं. घरी राहिलेला भाऊ आणि दूर दिलेली बहीण. एक रोज आईच्या डोळ्यांसमोर, दुसरी वर्षातून एकदा. दूर राहूनही प्रेम पुरं असतं, हे त्या पोरीला कुणी गीतेतून सांगितलं नव्हतं. सासरी दुसऱ्याची चूल सांभाळताना तिने ते जगून दाखवलं होतं.

लेखणी थबकली का, बघा. थबकत नाही. साने गुरुजी लिहीत राहतात. याच माणसाने अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांची अंथरुणं आवरली, त्यांच्या खोल्या झाडल्या, कपडे घडी करून ठेवले. आईने आपल्यासाठी जे केलं ते त्याला आईला परत करता आलं नव्हतं. म्हणून तो ते दुसऱ्यांच्या लेकरांसाठी करत गेला. नरडाण्यातली म्हातारी टोपली घेऊन गल्लीत निघाली होती, तिची चाल हीच होती.

नऊ महिन्यांनी तुम्ही नाशिकच्या तुरुंगात आहात. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. साने गुरुजी लिहायला बसले आहेत. दिवसाची कामं उरकून रात्री, पहाटे, मिळेल त्या वेळी. १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे, 'श्यामची आई' लिहून होते. त्या पुस्तकात राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. अंघोळ आहे, जेवणाचं पान आहे, फुलं आहेत, कर्ज आहे, आजारपण आहे. ज्या गोष्टी रोज घडतात म्हणून कुणी सांगायच्या मानत नाही, त्याच त्याने सांगितल्या. आईचं आयुष्य बनलं होतं ते त्याच गोष्टींचं, मग दुसरं सांगणार काय?

पुढचा मुक्काम १९५२. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपान आता कवी सोपानदेव चौधरी आहेत. आई गात असताना त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तसं टिपून ठेवलं होतं. ते कागद आचार्य अत्र्यांसमोर येतात. अत्रे वाचतात आणि हरखून जातात. त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून येतात. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, अत्र्यांचाच 'श्यामची आई' हा चित्रपट येतो आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान मिळवतो. साने गुरुजी ते पाहायला नाहीत, १९५० च्या जूनमध्ये ते गेले. खान्देशाशी बांधलेल्या दोन आया, एक जात्यावरची, एक कोकणातून मुलाच्या काळजात बसून आलेली, दोन वर्षांच्या आत साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या. १९११ च्या त्या पहाटे पिठाबरोबर हरवतंय असं तुम्हाला वाटलं होतं, त्यातलं थोडंसं वाचलं. थोडंसंच. बाकीचं गेलं, कारण ऐकणाऱ्याच्या हातात त्या वेळी कागद नव्हता.

१९७३ ची आखाजी. नरडाणा तापलेलं आहे. १९७२ चा पाऊस गेला तो गेलाच. बाया सकाळपासून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. घरात मिलो आहे, लाल ज्वारी, परदेशातून आलेली, भाकरी थापताना तुटणारी. पुरणाला डाळ नाही, गूळ नाही. घागर मात्र भरली आहे. पाणी लांबून डोक्यावर आणलेलं, तरी पहिलं पाणी तिच्यात ओतलं आहे. तिच्यावर आज खरबूज नाही, आंबा नाही.

घरात आता चौथी पिढी नांदते. तिच्या सुनेने उंबरठ्यावर बोटं ओढली. १९०१ चा घरधनी आता स्वतःच एक बोट झाला आहे. नावं तीन पिढ्यांच्या मागे जात नाहीत, नवं नाव आलं की मागचं एक गळतं. झोक्यावर गाणाऱ्या त्या पोरीचं नाव या घरातल्या कुणाच्याही कानावर कधी आलेलं नाही.

आणि तरी पाहा. सून पदराची गाठ सोडते. कामावर मिळालेली सुकडी तिने स्वतः न खाता बांधून आणली आहे. तिची पोरं टक लावून बघताहेत. त्यांना देण्याआधी ती शेजारच्या दारात जाते. तिथे सासरहून आलेली लेक बसली आहे, दुष्काळाने सुकलेली. सून तिच्या हातावर चिमूटभर सुकडी ठेवते. "खाय व माय." मग घरी येऊन उरलेली लेकरांत वाटते. तिला सासूने सांगितलं होतं की या घरात आखाजीचा पहिला घास शेजारच्या माहेरवाशिणीचा. सासूला तिच्या सासूने सांगितलं होतं. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

नाव गेलं, कृती राहिली. एका आईच्या दुःखाला चौपन्न वर्षं झाली आणि दुष्काळातसुद्धा ते कुणाची तरी भूक भागवतं आहे.

आता आजच्या दिवसात या. रूळ दुपदरी आणि विजेचे झाले आहेत. आग्रा रोडचा महामार्ग झाला, गावाजवळ औद्योगिक वसाहत आली. बोरविहीर–नरडाणा मार्गाचं काम चालू आहे, म्हणजे १९३२ ला तुम्ही ज्या वाटेने धुळ्याला गेलात तिच्या सोबतीला रेल्वे येते आहे. धाबं जाऊन स्लॅब आला. उंबरठा ग्रॅनाइटचा आहे. त्यावर कुंकू नीट बसत नाही, बोट घसरतं, तरी सून ओढतेच. आमरसाचे आंबे मिक्सरमधून निघाले आहेत. खापराची पोळी करणारी हातखंडा बाई गल्लीत एकच उरली आहे आणि सकाळपासून तिच्याकडे रांग आहे.

पुण्याहून मुलगी आली आहे, नोकरीवरून दोन दिवसांची रजा काढून. आई तिच्या हातात ताटली देते. "ही आधी शेजारच्या ताईले दी ये." मुलगी विचारते, "आधी तिला का?" आई पोळी उलटते. "आपल्याकडे असंच असतं."

साऱ्या गावात या प्रश्नाचं उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ते देऊ शकत नाही. मुलगी खांदे उडवते आणि ताटली घेऊन निघते. प्रश्न तिथेच विरतो.

तुमचा प्रवास इथे संपतो, मुभा मात्र आता वाढते. तुमच्या स्वतःच्या घरात तुम्ही दिसता आणि तुमचा आवाज ऐकू जातो. म्हणून एवढं ध्यानात घ्या. विनोबा आणि साने गुरुजी, दोघांनाही आईसाठी लिहावं लागलं ते आई गेल्यावर. त्यांनी त्या उणिवेतून महाराष्ट्राला केवढं तरी दिलं, पण आईला ते वाचून दाखवता आलं नाही. सोपानने आईच्या मागे बसून, ती गात असताना लिहून घेतलं. ती वाट ज्यांच्यासाठी अजून उघडी आहे त्यांनी आखाजीचीही वाट पाहू नये.

मोठं काही विचारायचं नाही. आयुष्यात काय मिळवलंस, असं विचारलं तर आई हसून उठून जाईल. कणीक मळताना विचारा. मीठ डाव्या हाताने का घालतेस? पहिली भाकरी कुणासाठी बाजूला काढतेस? या डब्याला तू कुणाच्या नावाने हाक मारतेस? तुझ्या आईच्या आईचं नाव काय होतं? ती तुला कशी रागवायची? वडिलांनाही विचारा, घराला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघायची सवय त्यांना कोणत्या रात्रीपासून लागली. उत्तर आलं की वहीत तारीख घालून लिहा, त्यांच्याच बोलीत, जसं बोलले तसं. घरातल्या प्रत्येक सवयीच्या मागे कुणाचं तरी प्रेम किंवा कुणाचं तरी जाणं उभं आहे. ते आपल्या हातांना ठाऊक असतं. आपल्या मुलांना ते ठाऊक व्हायचं असेल तर कुणीतरी विचारायला हवं आणि सांगणारं माणूस घरात असेतोवरच विचारायला हवं.